ताप, दात आणि गुलाबी अ‍ॅड्रेनॅलिन : मनोविकारांमागची ‘आग’ शोधण्याची शंभर वर्षे

१/
१४ जून १९१७. पहिले महायुद्ध अद्याप संपायचे होते. व्हिएन्नामधील मनोरुग्णालयात प्राध्यापक युलियुस वाग्नर-याउरेग यांनी मलेरियाने फणफणलेल्या एका सैनिकाचे रक्त घेतले आणि ते एका मनोरुग्णाच्या शरीरात सोडले. एक रोग घालवण्यासाठी दुसरा रोग मुद्दाम लावण्याचा हा प्रयोग होता. पुढे दहा वर्षांनी याच कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील दाह आणि मनाचा विकार यांचे नाते काय, या प्रश्नाचा शंभर वर्षांचा इतिहास या थ्रेडमध्ये पाहायचा आहे. त्या इतिहासात यश आहे, नोबेल आहे आणि बळी गेलेले रुग्णही आहेत.

२/
आरंभी दोन संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. पहिली ‘दाह’. जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते, ठणकते. रोगप्रतिकारक पेशी तेथे लढत असल्याची ती खूण. या पेशी सायटोकाइन नावाच्या प्रथिनांमार्फत एकमेकींना निरोप धाडतात आणि ते निरोप रक्तावाटे दूरवर पोहोचतात. दुसरी संज्ञा ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’. पेशी ऑक्सिजनच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करते, तेव्हा चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे काही अतिक्रियाशील रेणू बाहेर पडतात. त्यांना शमवणारी द्रव्येही पेशीजवळ असतात. ठिणग्या वाढल्या किंवा शमवणारी द्रव्ये कमी पडली, की पेशीतील मेद, प्रथिने आणि डीएनए यांची हानी होऊ लागते. त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

३/
या दोहोंचा संबंध मेंदूशी जोडला जातो तो सबळ कारणांनी. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के मात्र एकटा मेंदू वापरतो. त्याच्या पेशींच्या आवरणांत सहज ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले भरपूर असतात. डोपामाइनसारख्या संदेशवाहक रसायनाच्या विघटनातूनही असेच क्रियाशील रेणू निर्माण होतात. शिवाय दाह आणि ऑक्सिडेटिव्ह ताण एकमेकांना पोसतात. प्रतिकारक पेशी जंतूंना मारण्यासाठी हेच रेणू शस्त्र म्हणून सोडतात आणि या रेणूंचे प्रमाण वाढले, की दाह चेतवणारी जनुके अधिक सक्रिय होतात. हे सारे आज ज्ञात आहे. वाग्नर-याउरेग यांच्या काळी यांपैकी फारच थोडे माहीत होते.

४/
त्यांच्यापुढे होता एक भयंकर रोग : वेडासह येणारा सार्वदेहिक पक्षाघात. एकोणिसाव्या शतकात युरोपातील मनोरुग्णालये या रुग्णांनी भरलेली असत. धडधाकट, कर्त्या वयाचा माणूस एकाएकी स्वतःला सम्राट समजू लागे, पैसा उधळी. मग त्याची जीभ अडखळू लागे, स्मृती जाई, हातपाय लुळे पडत आणि काही वर्षांत मृत्यू ओढवे. फ्रेंच वैद्य आंतवान बेल यांनी १८२२ मध्ये या रुग्णांच्या मेंदूच्या आवरणात दाहाच्या खुणा आढळल्याचे नोंदवले. मनोविकार आणि मेंदूचा दाह यांची गाठ घालणारे ते एक आद्य निरीक्षण होय.

५/
या दाहाचे मूळ कारण उलगडण्यास आणखी नऊ दशके लागली. १९०५ मध्ये शाउडिन आणि होफमान यांनी सिफिलिसचा जंतू शोधला. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत तोच जंतू प्रत्यक्ष दाखवला. एका मनोविकाराचे निश्चित शारीरिक कारण हाती आले होते. या शोधाने मानसोपचाराला दोन गोष्टी दिल्या. एक, रास्त आशा. दुसरी, मोठा मोह : एका वेडामागे जंतू निघाला, तर साऱ्याच वेडांमागे जंतू का नसावेत?

६/
वाग्नर-याउरेग यांची कल्पना मात्र या शोधाहून जुनी होती. १८८३ मध्ये त्यांच्या एका मनोरुग्ण स्त्रीला विसर्प हा तीव्र त्वचासंसर्ग झाला, ताप चढला आणि ताप उतरल्यावर तिचा मनोविकारही ओसरला. १८८७ मध्ये त्यांनी तापाचा मनोविकारांवर होणाऱ्या परिणामाविषयी निबंध लिहिला. पुढे ताप आणण्यासाठी त्यांनी क्षयाच्या जंतूंपासून बनवलेले ट्युबरक्युलिनही वापरून पाहिले. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मलेरिया निवडला, कारण तो ताप क्विनीन देऊन थांबवता येत असे. पहिल्या नऊ रुग्णांपैकी सहा जणांत सुधारणा दिसली. त्यांतील काहींचा रोग पुढे उलटला, तरी ज्या रोगात मृत्यू अटळ मानला जाई तेथे एवढे यशही अपूर्व होते.

७/
योगायोग असा, की त्याच १९१७ साली, त्याच व्हिएन्नात आणि त्यांच्याच विभागात काम करणारे कोन्स्टांटिन फॉन एकोनोमो एका नव्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध करत होते. मेंदूच्या दाहाने रुग्ण दिवसचे दिवस झोपेत जात; वाचलेल्यांपैकी अनेकांत पुढे हालचालींचे आणि वर्तनाचे गंभीर विकार उरत. एकाच चिकित्सालयात एक वैद्य दाहामुळे मन बिघडताना पाहत होता, तर दुसरा तापाने मन सावरताना. दाह आणि मन यांचे नाते सरळ रेषेत चालणारे नाही, हे त्या वर्षीच दिसून आले होते. त्यातून घ्यायचा धडा मात्र फार थोड्यांनी घेतला.

८/
मलेरिया-उपचार जगभर पसरला. १९२७ चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच होते. त्याची किंमत रुग्णांनी मोजली. दुर्बळ झालेल्या देहाला लागोपाठच्या तापाचे झटके सोसत नसत आणि उपचारानेच दगावणाऱ्यांची संख्या लहान नव्हती. मलेरियाचा अधिक घातक प्रकार चुकून दिला गेल्यानेही मृत्यू झाले. संमतीचा विचार आजच्या अर्थाने होत नव्हता. ज्यांची बुद्धीच रोगाने ग्रासली होती, ते संमती देणार तरी कशी? उष्णतेने जंतू मरत होते की तापाने प्रतिकारशक्ती जागी होत होती, हा वादही शेवटपर्यंत चालला. १९४३ पासून पेनिसिलिनने सिफिलिस बरा होऊ लागला आणि पुढे ही पद्धत मागे पडली.

९/
आता अटलांटिकच्या पलीकडे. न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथील सरकारी मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते डॉ. हेन्री कॉटन. ते १९०७ मध्ये रुजू झाले, तेव्हा सुधारक म्हणून त्यांचा लौकिक झाला. रुग्णांना बांधून ठेवण्याच्या साधनांविरुद्ध त्यांनी पावले उचलली. शिक्षण उत्तम : अमेरिकेत अडॉल्फ मायर यांच्या हाताखाली, जर्मनीत क्रेपेलिन आणि अल्झायमर यांच्याकडे. त्या काळी वैद्यकात ‘केंद्रस्थ संसर्ग’ हा सिद्धांत जोरात होता. दातांच्या मुळाशी किंवा घशातील गाठींत लपलेले जंतू विष सोडतात आणि ते रक्तावाटे दूरच्या अवयवांना बाधते, असे तो सांगे. कॉटन यांनी तो सिद्धांत थेट वेडाला लावला.

१०/
पहिल्यांदा दात गेले. मग टॉन्सिल. त्याने गुण आला नाही, तर ‘संसर्ग अजून खोल आहे’ असा निष्कर्ष निघे आणि शस्त्र पोटाकडे वळे : मोठे आतडे, पित्ताशय, स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयमुख आणि अंडाशय. या तर्काची भयानकता लक्षात घेण्याजोगी आहे. उपचार फसला, तरी सिद्धांत खोटा ठरत नसे. उलट आणखी एक अवयव काढण्यास आधार मिळे. कॉटन ८५ टक्के रुग्ण बरे झाल्याचा दावा करीत. १९२१ मध्ये प्रिन्स्टन येथे दिलेल्या व्याख्यानांतून त्यांनी हा सिद्धांत मांडला आणि ब्रिटनमध्येही त्यांना अनुयायी मिळाले.

११/
कॉटन यांना ढोंगी म्हणून निकालात काढणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. त्यांची आपल्या सिद्धांतावर इतकी निष्ठा होती, की त्यांनी स्वतःचे आणि आपल्या मुलांचेही दात काढवले. म्हणूनच हे प्रकरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत सुमारे ३० टक्के रुग्ण दगावतात, हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते. हे रुग्ण बहुतेक गरीब, सरकारी इस्पितळात कोंडलेले. काही नातेवाइकांनी विरोध केला, काही रुग्णांनी प्रतिकार केला. पण ‘वेडा माणूस नको म्हणतो’ याला त्या व्यवस्थेत वजन नव्हते.

१२/
याला उत्तर मिळाले ते एका साध्या उपायाने : तुलना. न्यूयॉर्कमध्ये निकोलस कोपेलॉफ आणि क्लॅरेन्स चेनी यांनी रुग्णांचे दोन गट केले. एका गटातील संशयित संसर्गकेंद्रे काढून टाकली, दुसऱ्या गटातील तशीच ठेवली. १९२२ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : दोन्ही गटांत सुधारणेचे प्रमाण सारखेच. मानसोपचारातील आरंभीच्या नियंत्रित प्रयोगांपैकी हा एक. ‘आमचे रुग्ण बरे झाले’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नसतो, ‘कोणाच्या तुलनेत?’ हा प्रश्न त्यासोबत यावाच लागतो, हे त्यांनी दाखवून दिले.

१३/
ट्रेंटनमधील काम मात्र त्याने थांबले नाही. १९२४ मध्ये मायर यांनी आपल्या सहकारी डॉ. फिलिस ग्रीनेकर यांना तेथे तपासणीसाठी धाडले. त्यांनी एकेका रुग्णाचा माग काढला. नोंदी अव्यवस्थित, यशाचे आकडे फुगवलेले आणि जितके अधिक उपचार तितकी अवस्था वाईट, असे चित्र त्यांना आढळले. हा अहवाल मायर यांनी प्रसिद्ध होऊ दिला नाही. शिष्याचा लौकिक राखला गेला आणि शस्त्रक्रिया पुढेही चालू राहिल्या. कॉटन १९३३ मध्ये वारले. इतिहासात सिद्धांत चुकणे हे नित्याचेच. चूक कळल्यावरही पाळलेले मौन हा त्याहून मोठा दोष ठरतो.

१४/
पुढील टप्पा कॅनडातील सस्कॅचेवान प्रांत, साल १९५२ च्या आसपास. हम्फ्री ऑस्मंड आणि जॉन स्मिदिज यांच्या लक्षात आले, की भास निर्माण करणाऱ्या मेस्कॅलिनची रासायनिक रचना शरीरातील अ‍ॅड्रेनॅलिनशी मिळतीजुळती आहे. मग शरीरच अ‍ॅड्रेनॅलिनपासून असे एखादे विष बनवत असेल काय? त्यांना एक धागा गवसला. जुने होऊन गुलाबी पडलेले अ‍ॅड्रेनॅलिन टोचून घेतलेल्या काही दमेकऱ्यांना विचित्र मानसिक अनुभव येत, असे त्यांच्या कानावर आले. हा गुलाबी रंग ऑक्सिडीकरणाचा. त्यातून बनणारे द्रव्य म्हणजे अ‍ॅड्रेनोक्रोम.

१५/
१९५४ मध्ये एब्रम हॉफर, ऑस्मंड आणि स्मिदिज यांनी मांडले, की स्किझोफ्रेनियात अ‍ॅड्रेनॅलिनचे ऑक्सिडीकरण चुकीच्या वाटेने जाते. त्यांनी स्वतः अ‍ॅड्रेनोक्रोम घेऊन पाहिले आणि उपचार म्हणून ब-३ व क जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा सुचवल्या. मनोविकाराच्या मुळाशी ऑक्सिडीकरण आहे आणि त्यावर ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य चालेल, ही आजच्या चर्चेतील कल्पना एका परीने तेथेच उगवली होती. सिद्धांत सुटसुटीत होता, औषध स्वस्त होते आणि दोष आई-वडिलांच्या संगोपनाऐवजी रसायनावर जात होता. त्या काळच्या कुटुंबांना या अखेरच्या गोष्टीचा किती दिलासा वाटला असेल, हे विसरता कामा नये.

१६/
परंतु पुरावा टिकला नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत श्टेफान सारा, ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड आणि सेमूर पर्लिन यांनी रक्तात अ‍ॅड्रेनोक्रोम शोधले. ते निरोगी माणसांत आढळले नाही आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतही नाही. पुढे कॅनडातीलच नियंत्रित चाचण्यांत ब-३ जीवनसत्त्वाचा अपेक्षित लाभ दिसला नाही आणि १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीने हा उपचार निराधार ठरवला. परिणाम असा झाला, की ‘ऑक्सिडीकरण आणि मनोविकार’ हा विषयच बदनाम झाला. एका घाईच्या सिद्धांताने मागून येणाऱ्या सावध संशोधकांची वाट काही दशके अडवून धरली.

१७/
दरम्यान, मानसोपचाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांत पाया घातला जात होता. १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचवले, की ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची हानी यांमागे एकच यंत्रणा आहे : मुक्त मूलके, म्हणजे वर उल्लेखिलेल्या ठिणग्या. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी वार्धक्याचा संबंध त्यांच्याशी जोडला. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी या मूलकांना शमवणाऱ्या विकराचा शोध लावला. शरीर अशा रेणूंविरुद्ध खास व्यवस्था बाळगते, याचा तो पुरावा होता. १९८५ मध्ये हेल्मुट झीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ या संज्ञेला नेमकी व्याख्या दिली.

१८/
दाहाच्या बाजूनेही विचार बदलत होता. आजारी जनावर खात नाही, हिंडत नाही, कळपापासून दूर कोपऱ्यात पडून राहते. हे अशक्तपणामुळे होते, असा समज होता. १९८८ मध्ये पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी हे वर्तन शरीराची नीती असल्याचे मांडले : शक्ती वाचवायची आणि संसर्गाशी लढायचे. पुढे रोबेर दांतझेर आदींनी दाखवले, की सायटोकाइनांचे निरोप मेंदूपर्यंत पोहोचून हे वर्तन घडवतात. भूक मंदावणे, झोप बिघडणे, कशातच रस न वाटणे, माणसे नकोशी होणे : ही यादी नैराश्याच्या लक्षणांशी किती जुळते, हे कोणाच्याही ध्यानात येईल. १९९१ मध्ये रोनाल्ड स्मिथ यांनी नैराश्यामागे दाहक पेशी असाव्यात, असा तर्क उघडपणे मांडला.

१९/
तर्काला बळकटी आली ती एका औषधाच्या दुष्परिणामातून. हिपॅटायटिस-सी आणि त्वचेच्या एका कर्करोगावर इंटरफेरॉन-अल्फा हे सायटोकाइन औषध म्हणून दिले जाई आणि अनेक रुग्णांना उपचारादरम्यान तीव्र नैराश्य येई. २००१ मध्ये अमेरिकेत अशा ४० कर्करुग्णांवर चाचणी झाली. ज्यांना आधीपासून पॅरॉक्सेटिन हे नैराश्यरोधक दिले होते, त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना तीव्र नैराश्य आले; ज्यांना बनावट गोळी दिली होती, त्यांच्यापैकी ४५ टक्क्यांना. दाहाचा निरोप बाहेरून दिला असता नैराश्य येते, हे आता केवळ अनुमान राहिले नाही.

२०/
हे घडते कसे, याचा एक मार्ग असा. दाहाचे निरोप शरीरातील एका विकराला चालना देतात. तो ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला काय्नुरेनिन नावाच्या द्रव्याच्या वाटेवर वळवतो. ट्रिप्टोफॅन हाच सेरोटोनिनचा कच्चा माल. त्या वाटेवर पुढे क्विनोलिनिक आम्ल तयार होते. ते मज्जापेशींना अवाजवी उत्तेजित करते आणि ऑक्सिडेटिव्ह ताणही वाढवते. म्हणजे दाह, ऑक्सिडीकरण आणि मेंदूतील संदेशवहन हे तिन्ही प्रवाह येथे एकत्र मिळतात. वाग्नर-याउरेग यांनी तापात पाहिलेले आणि हॉफर यांनी गुलाबी रंगात पाहिलेले दोन वेगळे धागे एकाच रासायनिक जाळ्यात येऊन मिळाले.

२१/
स्किझोफ्रेनियात लक्ष गेले ते ग्लुटाथायोनकडे. ठिणग्या विझवणारे हे पेशीतील प्रमुख द्रव्य. २००० मध्ये स्वित्झर्लंडमधील किम डो यांच्या गटाने औषध सुरू न झालेल्या रुग्णांच्या मेंदू-मेरुद्रवात ते २७ टक्क्यांनी कमी असल्याचे नोंदवले. म्हणजे हा फरक औषधांमुळे पडलेला नव्हता. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर दिले जाणारे एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन शरीराला ग्लुटाथायोन बनवण्यास मदत करते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मायकेल बर्क आणि सहकाऱ्यांनी ते १४० रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला देऊन बनावट गोळीशी तुलना केली. लाभ दिसला, पण तो मध्यम स्वरूपाचा.

२२/
या इतिहासात पुण्याचेही एक पान आहे. भारती विद्यापीठातील प्रभाकर रांजेकर यांचा गट आणि अमेरिकेत जॉर्जियातील साहेबराव महाडिक यांनी मिळून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतील मेदाम्ले आणि ऑक्सिडेटिव्ह ताण यांचा अभ्यास केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ३३ रुग्णांना चार महिने ओमेगा-३ मेदाम्ले आणि ई व क जीवनसत्त्वे नेहमीच्या औषधांसोबत दिली गेली आणि लक्षणांत सुधारणा नोंदवली गेली. पूरक द्रव्ये थांबवल्यावर रक्तातील मेदाम्लांची पातळी पूर्ववत झाली, सुधारणा मात्र बरीचशी टिकली. तुलनेसाठी बनावट गोळीचा गट नसल्याने या निष्कर्षाचे वजन मर्यादित आहे. १९२२ चा तोच जुना प्रश्न येथेही उभा राहतो : कोणाच्या तुलनेत?

२३/
तो प्रश्न विचारला गेला, तेव्हा मिळालेली उत्तरे अनेकदा निराश करणारी होती. नॉर्वेतील २०१३ च्या चाचणीत रक्तपेशींत मेदाम्ले कमी असलेल्या रुग्णांना फक्त ई व क जीवनसत्त्वे किंवा फक्त मेदाम्ल दिले असता त्यांची लक्षणे बिघडली; दोन्ही एकत्र दिल्यास तसे झाले नाही. ब्रिटनमध्ये २०७ रुग्णांवर दाह कमी करणारे मिनोसायक्लिन वापरून पाहिले गेले. २०१८ मध्ये निष्कर्ष आला, लाभ नाही. १९,००० हून अधिक वृद्धांच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनने नैराश्य टळले नाही. ‘ऑक्सिडीकरणरोधक म्हणजे निरुपद्रवी टॉनिक’ हा बाजारातला समज या अनुभवावर टिकत नाही.

२४/
मग सारे फोल म्हणायचे काय? तसेही नाही. अटलांटातील चार्ल्स रेझन, अँड्रू मिलर आणि सहकाऱ्यांनी, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर, संधिवातात वापरले जाणारे दाहरोधक इन्फ्लिक्सिमॅब तपासले. निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आला. एकूण सरासरी पाहता औषध आणि बनावट औषध यांत फरक नव्हता. परंतु ज्यांच्या रक्तात दाहाची खूण असलेले सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक होते, त्यांच्यात औषधाचा कल लाभाकडे होता. ज्यांच्यात ते कमी होते, त्यांच्यात बनावट औषधच सरस ठरले. एकच औषध एकाला उपकारक, दुसऱ्याला कदाचित अपायकारक.

२५/
लहान गटातून निघालेला हा संकेत आहे, अंतिम सिद्धांत नव्हे. तरी त्याने प्रश्नाची मांडणी बदलली. २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात नैराश्याच्या सुमारे चतुर्थांश रुग्णांत या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणजे उरलेल्या तीन चतुर्थांश रुग्णांत दाहाची ही खूण दिसत नाही. ‘नैराश्य हा दाहाचा रोग आहे’ हे विधान जितके आकर्षक, तितकेच ढोबळ. लठ्ठपणा, धूम्रपान आणि इतर आजारांनीही हे प्रथिन वाढते. त्यामुळे दाह कारण आहे, परिणाम आहे की केवळ सोबती, याची छाननी प्रत्येक वेळी करावी लागते.

२६/
सर्वांत बोलके उदाहरण २००७ चे. जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी १२ स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. भास, संशय, विचित्र वर्तन यांनी आजाराची सुरुवात होई. मग झटके, बेशुद्धी. प्रथमदर्शनी तो तीव्र मनोविकारच वाटे. त्यांच्या शरीरात मेंदूतील एनएमडीए ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. या सर्वांच्या शरीरात टेराटोमा जातीची गाठ होती आणि बहुतेकींत ती अंडाशयात होती. गाठ काढून आणि प्रतिकारशक्ती शमवणारे उपचार देऊन अनेक रुग्ण पूर्ववत झाले.

२७/
येथे क्षणभर थांबून ट्रेंटन आठवावे. कॉटनही अंडाशय काढत होते आणि डालमाऊ यांच्या काही रुग्णांवरही अंडाशयाची शस्त्रक्रिया झाली. बाहेरून कृती सारखी, आतून जमीन-अस्मानाचे अंतर. एकाजवळ सिद्धांत होता आणि तो प्रत्येक रुग्णाला लावला गेला. दुसऱ्याजवळ चाचणी होती. प्रतिपिंड आहे की नाही, गाठ आहे की नाही, हे आधी पाहिले गेले आणि ज्याच्यात ते सापडले त्याच्यावरच उपचार झाले. मनोविकाराची मुळे शरीरात असू शकतात, ही कॉटन यांची मूळ कल्पना सर्वस्वी खोटी नव्हती. ‘कोणाच्या?’ हा प्रश्न न विचारणे, हा त्यांचा अपराध.

२८/
शंभर वर्षांचा हा पट पाहिला, की एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. निरीक्षण बहुधा खरे असते : तापाने एक रुग्ण सुधारतो, सायटोकाइनाने एक खचतो, एकाचे ग्लुटाथायोन घटलेले असते. मग घाई होते आणि एकाचे सत्य सर्वांवर लादले जाते. त्या घाईची किंमत सिद्धांत मांडणारा क्वचितच मोजतो. ती मोजतो तो रुग्ण, ज्याच्या ‘नको’ या शब्दाला वजन नसते. जेथे कोपेलॉफ आणि चेनी यांच्यासारखे लोक तुलना मागतात, जेथे ग्रीनेकर यांच्यासारखी व्यक्ती एकेका रुग्णाचा माग काढते, तेथेच ज्ञान पुढे सरकते.

२९/
आज ‘दाह कमी करा, मन प्रसन्न ठेवा’ अशा जाहिराती, गोळ्या आणि आहारयोजना सर्वत्र आढळतात. त्यांच्यामागचे विज्ञान काल्पनिक नाही, परंतु ते अपुरे आहे. त्या भरवशावर चालू औषधे सोडणे धोक्याचे. नवा दावा समोर आला, की इतिहासाने शिकवलेले तीन प्रश्न विचारावेत : हे कोणत्या रुग्णात दिसले? कोणाच्या तुलनेत दिसले? आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांची नोंद कोठे आहे? ट्रेंटनच्या दफ्तरात हा तिसरा प्रश्न ग्रीनेकर यांनी विचारला होता. उत्तर त्यांच्या अहवालात होते आणि अहवाल बंद कपाटात राहिला.